दार न सोडता

पैज कशी लागली ते मीच सांगते,
अवतांदिल ते नेहमी गाळतो.
जुंबेर म्हणाला, "तू कसला आर्मेनियाला जातोस?
तुझ्यानं घराचं दार सुटत नाही!"
तिसरा पेला होता. चौथा असता तर नवरा नुसता रडला असता.
तिसऱ्याला त्याला बोलायला येतं. म्हणाला,
"सेवान सरोवरात पाय बुडवून येईन.
आणि तेही दार न सोडता."

जिंकला, तर जुंबेरच्या अंगणात पुरलेला
सात वर्षांच्या वाइनचा रांजण.
हरला, तर आमची कालवड.
मला कुणी विचारलं नाही. कालवडीलाही नाही.

सकाळी उठते तर घराला भोक.
कडीसकट, बिजागऱ्यांसकट नवरा गेलेला,
आणि उंबऱ्यावर एक कोंबडी
बोलावलेल्या पाहुण्यासारखी उभी.

पुढचं त्याच्या तोंडचं आहे, तेव्हा निम्मं धरा.

सादाखलोच्या नाक्यावर साहेबानं विचारलं, "आत काय आहे?"
हा म्हणाला, "कुठल्या बाजूनं?"
साहेब मागे गेला, पुढे आला, परत मागे गेला,
कडी वाजवून पाहिली.
त्याच्या पुस्तकात लाकूड होतं, फर्निचर होतं,
घर नसलेलं दार नव्हतं.
शेवटी दोन शिक्के मारले,
एक पासपोर्टावर, एक दारावर.

अलावेर्दीच्या बसवाल्यानं दोन तिकिटं फाडली.
खिडकीची जागा दाराला मिळाली.
वानाद्झोरला गारा पडल्या, तेव्हा याच्या डोक्यावरच्या दाराखाली
एक पोस्टमन, दोन शाळकरी मुली आणि एक कुत्रा उभे राहिले.
मुली म्हणाल्या, काका, तुमचं घर बारीक आहे.

मग एका फाट्यावर, दार टेकवून हा भाकरी खात असताना
हायकानुश नावाची म्हातारी आली, हातात दुधाची बादली.
तिनं दारावर टकटक केली.
यानं उघडलं.
ती आतून गेली, म्हणजे बाहेरून बाहेर,
"देव भलं करो" म्हणाली आणि चालू लागली.
"आजी, बाजूनं जाता आलं असतं की!"
"असं कसं? दार आहे ना."

सेवानला यानं दार पाण्यावर ठेवलं आणि वर बसला,
पाय बुडवायचे एवढंच.
वाऱ्याला पैज ठाऊक नव्हती.
किनारा लहान होत गेला. राझमिक कोळी होडीतून ओरडला,
"सोड ते लाकूड! हात दे!"
हा ओरडला, "सोडता येत नाही!"
राझमिकनं कडीत दोर ओवला,
दारावर बसलेला माझा नवरा ओढत काठाला आणला,
पैसे घेतले नाहीत.
मासा मात्र खायला लावला, आणि तीन जावयांची गाऱ्हाणी
पहाटेपर्यंत ऐकायला लावली.

आणि इथे?
मी चौकटीला घोंगडी लावली.
घोंगडीवर टकटक कोण करतं?
अकरा दिवस सगळं गाव माझ्या चुलीपाशी.
कुणी मीठ मागायला, कुणी नुसतंच.
जुंबेरचं डुक्कर शेगडीला पाठ लावून झोपायचं.
जुंबेर रोज संध्याकाळी यायचा, आला का म्हणायचा,
आला नाही म्हटलं की बसायचा.
एकदा हळूच म्हणाला,
फौजेतली दोन वर्षं सोडली
तर तोही कधी गावाबाहेर गेलेला नाही.

बाराव्या दिवशी दार परत आलं, पाणी पिऊन फुगलेलं,
खाली अवतांदिल.
जुंबेरनं शिक्का वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला,
आणि गुपचूप फावडं आणायला गेला.

दार आता चौकटीत बसत नाही. वीतभर उघडंच राहतं.
रोज संध्याकाळी जुंबेर येतो, हरलेली वाइन पितो,
आणि तिसऱ्या पेल्याला सेवानचं पाणी किती गार होतं
ते माझ्या नवऱ्याला सांगतो.

अवतांदिल म्हणतो, रंधा मारतो, नीट लागेल.
मी म्हणते, हिवाळा येऊ दे, मग बघू.
डुकराला सवय झालीय.